आपले गाणे दुसऱ्याला ऐकविणे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलाविले, तेव्हा हमालीचे दर किंवा माथाडी कायदा अशा एखाद्या विषयावर आम्ही बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. गाण्यावर बोलतो म्हटल्यावर ते जरा चपापले. त्यांचे चुकले नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि मोर्चांत झाले. रागदारीतले आम्हांला काही कळत नाही. परंतु आज गायनशास्त्रावर बोलावयाचे नसून एका लहानशा सवयीवर बोलावयाचे आहे. सध्या आपणांस जे गोड लागते आहे ते दुसऱ्याला ऐकवावे आणि त्याला जे गोड लागते आहे ते आपण ऐकावे, एवढीच ती सवय.

आपल्या हिंगोली जिल्ह्याला ती नवी नाही. येथील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदे आहेत. त्या काळी ध्वनिमुद्रणाचे यंत्र नव्हते. ऐकणाऱ्याने पद कंठात धरले आणि पुढच्याला ऐकविले, म्हणूनच मराठी मुलखातल्या एका शिंप्याची वाणी पंजाबात घर करून राहिली.

यंत्र आपल्या देशात आले ते फार पुढे. 1902 साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित झाले. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटेच गाणे मावत असे. रंगभूमीवर वन्समोअर घेत घेत बालगंधर्वांचे जे पद लांबत जाई, तेच तबकडीसाठी त्यांना तीन मिनिटांत आवरावे लागे. अशा अनेक तबकड्या कागदी पाकिटांच्या जाड वहीत ठेवीत. फोटोंच्या वहीसारखी दिसणारी म्हणून तिला अल्बम म्हणू लागले. पुढे एकाच मोठ्या तबकडीवर पुष्कळ गाणी मावू लागली, वही गेली, नाव मात्र राहिले. श्रीनिवास खळे यांनी चाली दिलेले आणि लता मंगेशकरांनी गायिलेले ‘अभंग तुकयाचे’ ही अशीच एक वही समजा. एक अभंग संपला की दुसरा का लागतो, याचा त्यात विचार असतो.

तबकड्या जमविणारा माणूस कृपण असतो असा समज आहे. तो खोटा ठरविणारे लोक आपल्याच महाराष्ट्रात आहेत. 1990 साली मुंबईत सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिमुद्रिका जमविणाऱ्यांची एक संस्था काढली. चांदवणकर हे व्यवसायाने शास्त्रज्ञ. जुन्या तबकड्या आणावयाच्या, चार रसिकांपुढे वाजवावयाच्या, त्यांची माहिती सांगावयाची आणि ती छापून ठेवावयाची, असा त्यांचा क्रम. सोलापूर, तुळजापूर आणि शेजारच्या नांदेडातही या मंडळींच्या शाखा झाल्या. आपला ठेवा कपाटात कोंडला तर तो आपल्याबरोबर संपेल, हे त्यांनी ओळखले होते.

आमच्याजवळ तबकड्या नव्हत्या, कॅसेटी होत्या. आम्ही विशी ओलांडली होती आणि मोंढ्यातल्या हमालांत नुकतेच काम करू लागलो होतो. महिन्याच्या पहिल्या शनिवारी वर्गणी गोळा होई. हळदीची पोती वाहून अंगावर पिवळी पूड बसलेली माणसे कचेरीत जमत. कोणीतरी एक टेपरेकॉर्डर आणून ठेवला आणि प्रघात पडला. ज्याची पाळी त्याने एक कॅसेट आणावी, ती का आवडली हे दोन शब्दांत सांगावे आणि दोन गाणी लावावीत. गाणे चालू असता कोणी बोलू नये. फीत गुंतली तर पेन्सिल घालून ती गुंडाळण्याचे काम मात्र सर्वांचे.

या बैठकीतच आमच्या हातून जे घडले ते सांगण्यासाठी आज येथे उभे आहोत.

1993 सालची गोष्ट. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न तेव्हा सुटलेला नव्हता. नामविस्तार व्हावयाचा होता पुढे 14 जानेवारी 1994 रोजी. गावोगाव मने ताणलेली होती. मोंढ्यात एकाच थप्पीवरची पोती उचलणारे हमाल दुपारची भाकरी मात्र निरनिराळ्या झाडांखाली खात. अशा दिवसांत बौद्ध वस्तीतल्या एका गड्याची पाळी आली. त्याने प्रल्हाद शिंदे यांच्या भीमगीतांची कॅसेट आणली. घासलेली, कोणाच्या तरी टेपवरून उतरविलेली. पहिले गाणे अर्धे झाले असेल. आम्हांला नुकताच भीमसेन जोशींच्या अभंगवाणीचा नाद लागला होता आणि चार पुस्तके वाचल्याचा ताठाही होता. आम्ही बटण दाबून ती बंद केली आणि म्हणालो, “हे रोज लाउडस्पीकरवर ऐकतोच आपण. जरा चांगले काही ऐकू या.”

तो काही बोलला नाही. कॅसेट खिशात घालून निघून गेला. पुढच्या शनिवारी आला नाही. त्याच्याबरोबरचे सहासात जणही आले नाहीत. हमालीचे दर वाढवून घेण्याची बोलणी तोंडावर आली होती. आमच्यात फूट पडली हे आडत्यांनी तेव्हाच हेरले आणि त्या हंगामात दरवाढ लांबली. पोत्यामागे मिळावयाचे जे पैसे बुडाले ते आमच्या एका बटणापायी बुडाले, असे आम्ही आजही समजतो.

शेवटी आम्ही त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, “दादा, तुम्हाला आमची पाठ चालते, आमचं गाणं चालत नाही.” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही चूक कबूल केली आणि ती कॅसेट पुन्हा लावण्याची विनंती केली. त्याने थोडा वेळ घेतला, मग लावली. एक बाजू पूर्ण ऐकली. त्याने ती उलटविली, तर दुसऱ्या बाजूवर पंढरीच्या विठ्ठलाची गाणी! गळा तोच. शिंदे यांनी बाबासाहेबही गायिले आणि विठ्ठलही गायिला, हे आमच्या कचेरीतल्या कित्येक माळकऱ्यांना ठाऊकच नव्हते. ज्याच्या आवाजावर ते डोलत तोच आवाज आम्ही मध्येच तोडला होता.

पुढच्या महिन्यात त्याच्या दोन्ही बाजू कचेरीत अखेरपर्यंत वाजल्या. त्यामुळे मोंढ्यातली जात गेली, असे आम्ही म्हणणार नाही. झाडे वेगळी होती ती पुढे बरीच वर्षे वेगळीच राहिली. पण ते सहासात जण परत आले आणि पुढच्या हंगामात दराच्या बोलणीला सर्वजण एकत्र बसले. आमच्या नियमांत एक नियम वाढला: दुसऱ्याची कॅसेट मध्ये बंद करावयाची नाही.

आता कॅसेटी गेल्या. हमालाच्या खिशातल्या मोबाईलवर बालगंधर्वांपासून वामनदादा कर्डकांच्या गीतांपर्यंत सारे मिळते. हे भाग्य आमच्या पिढीला नव्हते. त्याला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु कानात बोंडे घालून जो तो एकटा ऐकतो, आणि पुढचे गाणे कोणते हे यंत्र ठरविते. आपणांस जे आवडते त्यासारखेच ते पुन्हा पुन्हा पुढे करते. आम्हांला भीमसेन आवडत होते. यंत्रावर विसंबलो असतो तर जन्मभर तसलेच ऐकत राहिलो असतो आणि त्या कॅसेटची दुसरी बाजू कधीच कानी पडली नसती. मित्राला गाणे मोबाईलवर धाडणे हे चांगलेच; पण ते त्याने ऐकले की नाही, ऐकताना त्याचा चेहरा कसा झाला, हे शेजारी बसल्यावाचून कळत नाही.

कोणी म्हणेल, कष्टकऱ्याला एवढा वेळ कोठे आहे? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने 1890 साली मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. ती नुसती पाठ टेकण्यासाठी नव्हती. माणसाचा काही वेळ त्याच्या स्वतःच्या मालकीचा असावा, यासाठी ती मागणी होती. त्या वेळातला एक तास आम्ही मागतो आहोत.

श्रोतेहो, येथून घरी गेल्यावर एवढे करावे. ज्याच्या घरी आपण सहसा जात नाही अशा एखाद्याला विचारावे, “सध्या काय ऐकतोस?” तो जे लावील ते शेवटपर्यंत ऐकावे, आणि मग आपले लावावे. बटणाला मात्र हात लावू नये.