निवडून देणारे आणि दाद मागणारे

व्यावसायिक परिषदांच्या सहकारी सदस्यहो,

वकिलाची सनद किंवा डॉक्टरची नोंदणी रद्द करण्याचा अधिकार कायद्याने त्यांच्याच व्यवसायबंधूंच्या हाती सोपवला आहे. पण हा अधिकार वापरायचा कोणासाठी? मते वकिलांनी दिली, म्हणून आपण वकिलांचे प्रतिनिधी, ही समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे. ती चुकीची आहे, आणि याचा दाखला आपल्याच राज्यातला आहे. मुंबईच्या फौजदारी न्यायालयाच्या दारात अशिलांची ओढाओढ करणाऱ्या काही वकिलांना राज्य बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीने दोषी धरले. बार कौन्सिल ऑफ इंडियाने तो निर्णय फिरवला. राज्य कौन्सिल सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हा हरकत आली की, यात कौन्सिलचे काय नुकसान झाले? १९७५ साली सात न्यायाधीशांच्या पीठाने ती हरकत फेटाळली. व्यवसायाची शिस्त राखणे हे लोकहिताचे काम आहे आणि ते कौन्सिलवर सोपवलेले आहे, म्हणून तिला अपील करता येते, असे न्यायालयाने ठरवले.

हे मान्य केले की सदस्याचे पहिले कर्तव्य आपोआप ठरते: जिथे आपला हितसंबंध आहे, तिथे बसायचे नाही. ‘मी मतदानाच्या वेळी गप्प राहिलो’ एवढ्याने ते पार पडत नाही. क्रैपाक खटला आपण सर्वांनी पुन्हा वाचावा. जम्मू-काश्मीरमध्ये भारतीय वनसेवेसाठी अधिकारी निवडायचे होते आणि निवड मंडळाचा एक सदस्य स्वतःच उमेदवार होता. त्याच्या नावाची चर्चा निघाली तेव्हा तो बाजूला झाला. पण प्रतिस्पर्ध्यांची नावे तपासताना आणि पसंतीक्रम लावताना तो हजर होता. त्याचा आमच्यावर प्रभाव पडला नाही, हे इतरांचे म्हणणे टिकले नाही. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली. मनात पक्षपात होता हे सिद्ध करावे लागत नाही, तशी रास्त शक्यता दिसली तरी पुरे, हा या निकालाचा गाभा आहे.

यावर जिल्ह्याच्या ठिकाणचे सदस्य एक अडचण मांडतात आणि ती खरी आहे. वैद्यकाच्या एखाद्या शाखेचे मोजकेच तज्ज्ञ, सगळे एकमेकांना ओळखणारे. सगळेच उठून गेले तर कोरम कुठून आणायचा? माझे उत्तर असे की, ओळख म्हणजे हितसंबंध नव्हे. एका परिषदेत भेटणे वेगळे आणि एकाच रुग्णालयात भागीदारी असणे, परस्परांकडे रुग्ण पाठवणे वेगळे. साधी ओळख असेल तर ती सुनावणीआधी दोन्ही पक्षांना सांगून इतिवृत्तात नोंदवावी. भागीदारी असेल तर उठून जावे आणि दुसऱ्या शहरातला तज्ज्ञ बोलवावा. त्याच्या प्रवासखर्चाची सबब तक्रारदाराला ऐकवू नये.

दुसरा आक्षेप असा की, व्यवसायाची बारीक जाण व्यावसायिकालाच असते, बाहेरच्यांना काय कळणार? जाण असते हे खरेच, म्हणून तर आपल्याला तिथे बसवले आहे. पण लोकांचा विश्वास उडाला की ही जाण खुर्ची वाचवू शकत नाही. वैद्यक क्षेत्राने हे अनुभवले आहे. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया गेली आणि २०२० मध्ये बहुतांशी नियुक्त सदस्यांचा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. त्याच्या कायद्यानुसार सदस्याला पदावर येताना आणि पद सोडताना मालमत्ता जाहीर करावी लागते, व्यावसायिक संबंधही सांगावे लागतात. निवडून आलेल्या सदस्यांनी हे आपणहून करायला हवे होते.

आणखी एक गोष्ट, सहीची. सुनावणी एकाने घ्यायची आणि निर्णय दुसऱ्याने द्यायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच गैर ठरवले आहे. तरीही सुनावणीला गैरहजर राहून तयार आदेशावर सही करण्याचा मोह होतो. ज्या बाईने पतीच्या मृत्यूनंतर कागदांची फाइल छातीशी धरून तारखेमागून तारखा काढल्या, तिचे म्हणणे ऐकलेच नसेल, तर तिची तक्रार फेटाळण्याचा आपल्याला अधिकार नाही.

माझी विनंती एवढीच आहे. आपापल्या परिषदेच्या पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवरचा पहिला विषय ‘हितसंबंधांची घोषणा’ हा ठेवा आणि ती घोषणा अध्यक्षांपासून सुरू करा.