आधी खोली, मग स्पीकर

मी तोफखान्यातून निवृत्त झालेला माणूस. जागेची रेकी केल्याशिवाय आम्ही तोफ लावत नसू. पण महूच्या घरात होम थिएटर करताना मी उलटं केलं. आधी स्पीकर आणले, मग खोली शोधली.

खोली १२ फूट बाय १२ फूट. एका भिंतीवर टीव्ही, समोरच्या भिंतीला टेकून सोफा. स्फोट दणदणीत ऐकू यायचे, संवाद मात्र पुटपुटल्यासारखे. तोफांमुळे माझे कान थोडे गेलेलेच आहेत, म्हणून दोष कानांना दिला आणि आवाज वाढवत गेलो. शेवटी बायको म्हणाली, "तुमचं युद्ध तुम्हीच बघा." तिने त्या खोलीत येणंच सोडलं. ते मला लागलं.

मग रेकी केली. मधोमध उभा राहून टाळी वाजवली, तर मागोमाग झणझण उमटली. उघड्या भिंती, उघडी फरशी, दुसरं काय होणार? त्यात खोली चौरस. लांबी-रुंदी सारखी असली की दोन्ही दिशांना एकच खर्ज घुमतो. १२ फुटांना साधारण ४७ हर्ट्झचा. तो भिंतीपाशी सर्वांत फुगतो, मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. आणि माझा सोफा नेमका भिंतीला!

सोफा साडेचार फूट पुढे घेतला. बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, आणि तो मी टीव्हीखालच्या कप्प्यात आत ढकलला होता. तो कडेला ओढून कानांच्या दिशेने कलता केला. मग मी सोफ्यावर बसलो आणि नातू बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत गेला. आरशात स्पीकर दिसला, की आवाज तिथेच आपटून माझ्याकडे येतो हे पक्कं. तिथे एकीकडे पुस्तकांचं कपाट, दुसरीकडे जाड पडदा. खाली गालिचा.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका, खर्जावर त्यांचा काही परिणाम होत नाही. आणि पडद्याने शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज थांबत नाही. त्याला जड भिंत आणि दाराच्या फटी बुजवणं लागतं.

माझे कान काही परत आले नाहीत. पण आवाजाचा आकडा ४५ वरून ३० वर आला, आणि बायको पुन्हा शेजारी येऊन बसते.

नवा स्पीकर घेण्याआधी एकदा खोलीत टाळी वाजवून बघा. जय हिंद.