पेशीतील मालवाहतूक



आपल्या पायाचे स्नायू हालविणारी चेतापेशी पाठीच्या कण्यातील मेरुरज्जूत असते. तिच्यातून निघालेला अक्षतंतू मात्र पावलापर्यंत, म्हणजे जवळजवळ एक मीटर लांब गेलेला असतो. प्रथिने बनविण्याचे बहुतेक काम पेशीच्या मुख्य भागात चालते. मग त्या दूरच्या टोकाला लागणारी सामग्री तेथे पोहोचते कशी?

पाण्यात शाईचा थेंब पसरावा तशी ती पसरत जात असेल, असे कोणासही वाटेल. परंतु अशा पसरण्याचा हिशेब विलक्षण असतो. अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो. सामान्य पेशीची रुंदी त्या रीतीने झटकन ओलांडता येते. मीटरभर अंतरास मात्र अनेक वर्षे लागतील. १९४८ मध्ये पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी प्राण्यांचे मज्जातंतू आवळून पाहिले, तेव्हा पेशीकडील बाजूस ते फुगले. माल वाहत आहे एवढे त्यावरून कळले. तो कोण वाहतो, हे कळले नाही.

ते कळले माकूलामुळे. या सागरी प्राण्याचा एक अक्षतंतू इतका जाड असतो की तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत, ट्यूबमधून टूथपेस्ट पिळावी तसे त्यातील द्रव्य बाहेर काढण्यात आले. आवरण गेले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील कण तासन् तास धावतच होते. १९८५ मध्ये रोनाल्ड व्हेल, थॉमस रीज व मायकेल शीट्झ यांनी त्यामागचे वाहक प्रथिन वेगळे केले. त्याचे नाव कायनेसिन.

कायनेसिन सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून अक्षरशः पावले टाकीत चालते. एक पाऊल ८ नॅनोमीटरचे, आणि प्रत्येक पावलास एटीपी या ऊर्जादायी रेणूंपैकी एक खर्ची पडतो. ज्या दोन भागांवर ते चालते त्यांना शास्त्रज्ञ 'डोकी' म्हणतात आणि माल धरला जातो शेपटाकडे. भाषांतराच्या पहिल्या खर्ड्यात मी शब्दाला शब्द ठेवून या हमालाला डोक्यावर चालविले होते, हे कबूल करतो! मीटरभर वाटेची पावले साडेबारा कोटी भरतात. एकच हमाल इतका चालत नाही. शंभरेक पावलांनंतर तो सुटतो आणि दुसरे माल पुढे नेतात. जलद जाणारा माल दिवसाला सुमारे ४०० मिलिमीटर जातो, म्हणजे पावलापर्यंत अडीच दिवसांत.

परतीची वाहतूकही असते. टोकाकडील जीर्ण द्रव्ये व संदेश डायनीन नावाचे दुसरे प्रथिन पेशीकडे आणते. याच परतीच्या मालात पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतील रेबीजचा विषाणू चढतो आणि मेरुरज्जूमार्गे मेंदू गाठतो. चावा चेहऱ्यावर असेल तर धोका अधिक, कारण वाट आखूड. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही.

लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास लस टोचली, तेव्हा कायनेसिनचा शोध शंभर वर्षे दूर होता. तरी ती लस याच वाटेवरच्या अवधीचा लाभ घेत होती. विषाणू वाटेत आहे तोवर शरीराने आपली प्रतिद्रव्ये तयार करावयाची असतात. म्हणूनच चावा बसताच जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावयाची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावयाचा.