तंबोऱ्याचा झंकार आणि आकडे

उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो. त्या स्वराची वेगळी तार वाद्याला नसते; तो खर्जाच्याच तारेतून उमटतो. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा घासून आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून हा झंकार साधतात. त्यालाच जवारी म्हणतात. नुसत्या आकड्यांतून असा झंकार निर्माण करता येईल काय?

कंप पावणाऱ्या तारेचे समीकरण फ्रेंच गणिती दालांबेर याने १७४७ साली मांडले. संगणक आल्यावर ते सोडविण्याची निराळी वाट सापडली. तारेचे लहान तुकडे कल्पावयाचे, काळाचेही सूक्ष्म क्षण पाडावयाचे आणि शेजारच्या तुकड्यांच्या ओढीने प्रत्येक तुकडा पुढच्या क्षणी कोठे असेल, ते मोजावयाचे. हिलर आणि रुईझ यांनी या मार्गाने वाद्यनाद घडविण्याची रीत १९७१ साली प्रसिद्ध केली.

या मोजणीस एक शिस्त आहे. कूरां, फ्रीडरिख्स आणि लेवी यांनी ती १९२८ सालीच सांगून ठेवली होती : एका क्षणात लहरीने एका तुकड्याहून अधिक अंतर कापता कामा नये. समजा, एक मीटर लांबीची तार सेकंदास १०० कंपने करते. तिच्यावरील लहर सेकंदास २०० मीटर धावते. सेकंदाचे ४४,१०० भाग पाडले, तर तुकडा सुमारे साडेचार मिलिमीटरांहून आखूड चालत नाही. तारेचे तुकडे होतात २२०. याहून बारीक तुकडे केले, तर अचूकता वाढण्याऐवजी आकडे भडकतात आणि नादाचा गोंगाट होतो.

तंबोऱ्याची अडचण याहून बिकट आहे. विशिष्ट बिंदूवर तार छेडली असता काही उपस्वर मुळीच निघू नयेत, असा नियम आहे. तंबोरा मात्र तेही ऐकवितो, हे कलकत्त्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखविले. तार घोडीच्या पसरट माथ्यावर वारंवार टेकते आणि सुटते, हे त्याचे कारण. ही प्रत्येक टेकणी आकड्यांत उतरवावी लागते. तीत ऊर्जा नकळत वाढत गेली, तर सारे गणित कोसळते. म्हणून ऊर्जेचा जमाखर्च क्षणोक्षणी जुळेल, अशीच सूत्रे रचावी लागतात. बेलफास्टच्या संशोधकांनी २०१६ साली ऊर्जेचे असे भान राखून तंबोऱ्याचे प्रतिरूप उभे केले.

कारागिराची कला या गणिताने लहान होत नाही. धागा केसभर सरकवून तो कानाने जो निर्णय घेतो, त्याचा माग काढण्यास एकाच तारेसाठी सेकंदाला सुमारे ९७ लाख वेळा मोजणी करावी लागते.