हेडीसचं दुसरं पुस्तक आणि मार्कंड्याचा यम

मूलहून बोलतेय. मागे ट्रॅक्टरचा आवाज आला तर चालवून घ्या, रोवणीचे दिवस आहेत.

आजचं पुस्तक स्कार्लेट सेंट क्लेअरचं 'अ टच ऑफ रुइन'. २०२० सालचं, म्हणजे 'अ टच ऑफ डार्कनेस'चा दुसरा भाग. आधीच सांगते, पुस्तकं मोठ्यांसाठी आहेत. शृंगार उघड आहे आणि भरपूर आहे. शिवाय आज मी कथानक फोडणार आहे.

पहिल्या भागात पर्सेफनी पत्रकारिता शिकणारी मुलगी. आहे वसंताची देवी, पण तिच्या हाताने फूल उमलत नाही, उलट कोमेजतं. हेडीस, म्हणजे पाताळाचा राजा, आजच्या शहरात नाइटक्लब चालवतो. ती त्याच्याशी पैज हरते, करारात अडकते आणि मग प्रेमात पडते.

मूळ ग्रीक कथा वेगळी. तिथे हेडीस तिला पळवून नेतो. आई डिमिटर, धान्याची देवी, शोकात पीकच थांबवते. शेवटी देवांचा राजा झ्यूस नमतो, पण पोरीने डाळिंबाचा दाणा खाल्लेला असतो. जुन्या डिमिटर-स्तोत्रात तिला वर्षाचा तिसरा हिस्सा खाली काढावा लागतो, रोमन कवी ओव्हिड तो अर्ध्या वर्षावर नेतो. मे महिन्यात आमच्या बांध्या भेगाळलेल्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना डिमिटरचा राग समजावून सांगावा लागत नाही. म्हणूनच सेंट क्लेअरने तिला पोरीवर पाळत ठेवणारी, जवळजवळ खलनायिका केलंय, ते मला खटकलं. जुन्या कथेत सगळा जोर त्या आईचाच आहे.

आता दुसरा भाग. प्रेमकथेच्या पुढच्या भागाची अडचण तुम्हाला माहीत आहे. दोघं एकत्र आलेत, आता करायचं काय? इथे आधी वर्तमानपत्रातली बातमीबाजी, मग तू मला हे का सांगितलं नाहीस, मग रुसवा. पहिला अर्धा भाग मी पानं चाळत काढला.

मग लेक्साला गाडी उडवते. लेक्सा ही पर्सेफनीची जिवाभावाची मैत्रीण. ती दवाखान्यात, शुद्ध नाही. पर्सेफनी हेडीसला म्हणते, तू मृत्यूचा राजा, वाचव तिला. तो नाही म्हणतो.

तीन वर्षांपूर्वी माझी मामेबहीण अपघातानंतर नागपूरला अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होती. मामी रोज एकच म्हणायची, "डोळे उघडू दे व बाई, बाकी कशीही असू दे." ती गेली. त्यामुळे हा भाग मी रात्री दोनपर्यंत वाचला, आणि हेडीसचा मला भयंकर राग आला.

आपल्याकडे यमाकडून माणूस सोडवून आणता येतो ना! वैनगंगेवर मार्कंड्याचं देऊळ आहे, महाशिवरात्रीला इकडचा अर्धा मुलूख तिथे असतो. सोळाच वर्षांचं आयुष्य घेऊन आलेला मार्कंडेय पिंडीला मिठी मारून बसला आणि शंकराने यमाला अडवलं. सावित्रीने बोलून बोलून नवरा परत आणला. संजीवनीने कच उठला. आणि परत आलेला सत्यवान पहिल्यासारखाच, त्याच्यात काहीच बिघडत नाही.

ग्रीकांकडे असं सहसा होत नाही. ऑर्फियसची बायको अर्ध्या वाटेवरून परत जाते. अस्क्लेपियस वैद्याने मेलेला उठवला, तर झ्यूसने त्याच्यावर वीज टाकली. हा अस्क्लेपियस अपोलोचा मुलगा. आणि आपली पर्सेफनी हेडीसच्या पाठीमागे सौदा करते तो नेमका अपोलोशी!

लेक्सा डोळे उघडते. पण ती पूर्वीची लेक्सा नाही. मामी मागायची ते 'बाकी कशीही' पर्सेफनीला मिळतं, आणि मैत्रीण समोर असून ती एकटी पडते. पुस्तक थांबवून मी बराच वेळ बसले. मामीला मात्र यातलं काही सांगितलं नाही, सांगणारही नाही.

लेखिका इथे आणखी थांबायला हवी होती. ती लगेच रोमान्सकडे वळते, वाचकांना तेच हवं असणार. तरी हेडीस ते 'नाही' प्रेमापोटी म्हणतो की राज्य चालवायचं म्हणून, हे ती धूसर ठेवते, ते मला आवडलं.

वाचायचं असेल तर पहिल्या भागापासूनच सुरुवात करा. इंग्रजी सोपं आहे, एक दिवाळीची सुट्टी पुरते. तिसरा भाग 'अ टच ऑफ मॅलिस' मी रोवणी आटोपल्यावर घेणार. तुमच्यापैकी कोणी वाचला असेल तर डिमिटरचं पुढे काय होतं तेवढं सोडून काहीही लिहून पाठवा.