डबीवर लेबल नाही

तालुक्याच्या गावी माझं औषधांचं दुकान आहे. डॉक्टरांपुढे ज्यांचं तोंड उघडत नाही, ते आमच्या काउंटरवर मोकळेपणानं बोलतात. त्यामुळे औषधं विकण्याइतकाच वेळ लोकांचं ऐकण्यात जातो. आज बोलणार आहे ते एका मित्राच्या दुखण्याबद्दल. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. कळला तेव्हाच यकृतात पोचलेला, म्हणजे चौथी स्टेज.

अशी बातमी गावात फुटली की माणसं रिकाम्या हातानं भेटायला येत नाहीत. मेव्हण्यानं गव्हांकुराच्या रसाची सोय केली. मामेभावानं लक्ष्मणफळाची पानं पाठवली. कुणी गोमूत्र अर्काची बाटली, कुणी गुळवेलीच्या गोळ्या, कुणी कर्नाटकातल्या शिमोग्याकडच्या वैद्याकडून रांग लावून आणलेल्या सालींची पुडी. शिवाय एका वैद्यबुवांची काळसर चूर्णाची डबी. वहिनींनी हे सगळं पिशवीत भरून माझ्यासमोर मांडलं आणि विचारलं, "भावजी, यातलं काय देऊ आणि काय नको?"

आता यावर हसून "हे सगळं फेकून द्या" असं म्हणणं सोपं आहे. मी म्हणत नाही, कारण माझ्याच फ्रिजमध्ये सदाफुली आहे. आपल्या अंगणातली गुलाबी-पांढरी सदाफुली. जमेकात मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेत असत. ती पानं १९५०च्या दशकात कॅनडातल्या रॉबर्ट नोबल यांच्या हाती आली. रक्तातली साखर काही हलेना, पण प्रयोगातल्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र धडाधड उतरल्या. त्या धाग्यावरून व्हिनब्लास्टिन निघालं, पाठोपाठ व्हिंक्रिस्टिन. रक्ताच्या कॅन्सरची कितीतरी मुलं आज त्या इंजेक्शनांमुळे बरी होतात. पण शेकडो किलो सुकी पानं घ्यावीत तेव्हा कुठं ग्रॅमभर व्हिंक्रिस्टिन हाती लागतं, आणि त्यातलं दोन मिलिग्रॅमच्या आसपास मोठ्या माणसाला एका वेळी पुरतं. तेही फक्त शिरेतून. ते चुकून पाठीच्या कण्यातून दिलं तर माणूस दगावतो. तेव्हा झाडपाला की केमिकल, हा वाद माझ्या लेखी फिजूल आहे. किती, कशातून आणि कुणाला, एवढंच मी विचारतो.

हेच मी त्या डबीला विचारलं. डबीवर लेबल नव्हतं. घटक नाहीत, बॅच नंबर नाही, बनवल्याची तारीख नाही. दुकानात खोकल्याची बाटली अशी आली असती तर मी ती परत पाठवली असती. वहिनी म्हणाल्या, "पण हे घेतल्यावर दोन दिवस चांगले जेवले हो." मला तिथंच शंका आली. बिननावाच्या चूर्णांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतात. स्टिरॉइडनं भूक लागते, हुशारी वाटते, आठवडाभर वैद्यबुवांचा जयजयकार होतो. गंमत अशी की भूक मेलेल्या कॅन्सरच्या पेशंटला डॉक्टरही कधी कधी स्टिरॉइड देतात. पण मोजून, साखर तपासून आणि नाव लिहून. धातूंचं प्रकरण वेगळंच. बॉस्टनमधल्या संशोधकांनी तिथल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली. १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. हा अहवाल २००४ सालचा. तिथं निदान पाकिटावर नाव तरी होतं.

डबी बाजूला गेली. मग गुळवेलीची पाळी. करोनाच्या काळात काढ्यांचा खप किती वाढला ते मी गल्ल्यावर बसून पाहिलंय. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण नोंदवले. सहाच, हे खरं. पण माझ्या मित्राचं यकृत आधीच अर्धं व्यापलेलं, आणि केमोची औषधंही यकृतालाच पेलायची. लक्ष्मणफळाचं म्हणाल तर ग्वादेलूप या कॅरिबियन बेटावर ते फळ आणि त्याच्या पानांचा काढा वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये कंपवातासारखा आजार जास्त दिसला होता. कॅन्सर बरा झाल्याचा माणसांवरचा पुरावा मात्र नाही. कच्चा गव्हांकुराचा रस एरवी कुणी प्याला तर माझं काही म्हणणं नाही. पण केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना न शिजवलेलं, मातीतून उपटलेलं काही पोटात जाऊ नये.

पिशवीच्या तळाशी आणखी एक बाटली होती, माझ्याच दुकानातून गेलेली. शक्तीचं टॉनिक. तिच्या लेबलवर बारीक अक्षरात फॉलिक ॲसिड. मित्राला केमोच्या, कॅपेसायटॅबिनच्या गोळ्या चालू होत्या. फॉलिक ॲसिडनं त्या औषधाचा त्रास वाढतो. जुलाब होतात, तोंड येतं, तळहाताची साल निघते. तेव्हा संशयानं पाहायचं ते फक्त वैद्यबुवांच्या डबीकडेच असं नाही.

मला खरा राग आला तो वैद्यबुवांच्या पथ्याचा. मीठ बंद, दूध बंद, भात बंद, तेलाचा थेंब नाही. केमोच्या इंजेक्शनमुळे मित्राला आधीच थंड वस्तू सोसत नव्हती, ऑक्झालिप्लॅटिननं तसं होतं. फ्रिजचं दार उघडायलाही तो हातात लोकरीचे मोजे घालायचा, गार पाण्याचा घोट घशात काट्यासारखा टोचायचा. वजन उतरत चाललेलं. तरी वहिनी बिनमिठाची मुगाची पेज ताटात वाढत होत्या आणि तो दोन घास खाऊन ताट सरकवत होता. पथ्य मोडलं तर गुण येणार नाही, असं बजावलेलं. म्हणजे गुण आला नाही की दोष घरच्यांचा. ही फार सोयीची व्यवस्था आहे, विकणाऱ्याच्या.

कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४च्या कायद्यानं बंदी आहे. म्हणून जाहिरात होत नाही, तोंडोतोंडी होते. हल्ली व्हॉट्सॲपवर होते.

तरीही एका बाबतीत मी डॉक्टरांच्या बाजूनं आंधळेपणानं उभा राहिलो नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेतले, त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट होता. हा आकडा सगळे फेकतात. पण तो न पसरलेल्या कॅन्सरचा आहे. तिथं ऑपरेशन, केमो, रेडिएशन टाळणं म्हणजे हातानं जीव घालवणं, त्यात दुमत नाही. माझ्या मित्राला मात्र केमोनंही बरं करता येणार नव्हतं. तेव्हा पिशवीला विचारले तसे प्रश्न केमोलाही विचारायला हवे होते. यानं किती महिने वाढतील? त्यातले किती दवाखान्यात जातील? नाही घेतलं तर काय होईल? गर्दीच्या ओपीडीत हे विचारायला धीर लागतो. आम्ही प्रश्न कागदावर लिहून नेले. डॉक्टरांनी कागद पाहिला, पेन खाली ठेवलं आणि नीट बोलले. केमोनं काही महिने मिळू शकतात, म्हणाले. पण दोन स्कॅनमध्ये गाठी वाढतच राहिल्या तर मी स्वतःच थांबा म्हणेन. तिथून बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, "आज पहिल्यांदा माझ्याशी कुणी खरं बोललं."

खऱ्या बातमीलाही पारखावं लागतं. टाटा हॉस्पिटलमध्ये एका महागड्या औषधाचा, निव्होलुमॅबचा, दहाव्या हिश्श्याहून कमी डोस स्वस्त गोळ्यांबरोबर देऊन पाहिला. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. कुणीतरी ही बातमी वहिनींना पाठवली होती, आणि बातमी सोळा आणे खरी. फक्त तो प्रयोग तोंडा-घशाच्या कॅन्सरवरचा, आतड्याच्या नव्हे.

मग काही द्यायचंच नाही का? पुष्कळ दिलं. सकाळचा प्राणायाम ठेवला. देवाची उदी कपाळाला लावत, ती ठेवली. बहिणीनं हट्टानं धाडलेलं हळदीचं दूध रात्री कोमट करून घेत होता. स्वयंपाकात पडते तेवढी चिमूटभर हळद, तिच्या गोळ्या नव्हेत. पथ्य त्यानं स्वतः मोडलं. पिठलं-भात मागितला, वर तेलाची धार.

आणि पिशवीत नसलेली एक गोष्ट मी सुचवली. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे रुग्णाचा त्रास हलका करणारी सेवा. नाव काढलं की घरच्यांना वाटतं, डॉक्टरांनी हात टेकले. बॉस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर पहिल्यापासून हीही सेवा दिली. त्यांचं मन जास्त शांत राहिलं, आणि ते सरासरी पावणेतीन महिने जास्त जगलेही. २०१० सालची ही गोष्ट. आपल्याकडे वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं केंद्र विनामूल्य चालतं. तरी लोक शिमोग्याला जातात. शिमोग्याचा पत्ता नातेवाईक सांगतो, वारज्याचा कुणीच सांगत नाही.

दुखणं वाढल्यावर त्याला तोंडानं घ्यायचं मॉर्फिन सुरू झालं. अफू पिकते शेजारच्या मध्य प्रदेशात, नीमचला सरकारी कारखाना आहे. पण १९८५च्या कायद्यानं परवान्यांची इतकी किचकट साखळी घातली की आमच्यासारखी दुकानं ते ठेवायलाच घाबरत. २०१४ मध्ये कायदा सुधारला, तरी भीती अजून गेलेली नाही. वहिनींना वाटलं, सवय लागेल. पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "दुखण्यासाठी मोजून दिलं तर व्यसनाची भीती धरू नका. पोट मात्र नक्की धरेल." म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच रात्रीची रेचकाची गोळी लिहून दिली.

मित्रानं ती पट्टी माझ्याकडून घेतली, चष्मा कपाळावर सरकवून पाहिली आणि मागची बारीक अक्षरं मला वाचायला लावली. मी सांगितलं, सेना, म्हणजे आपली सोनामुखी. तो म्हणाला, "अरे, आजी अमावस्येला पाजायची की ही. मग एवढा खटाटोप कशाला केला?" मी म्हटलं, आजीनं लेबल लावलं नव्हतं. बिल मात्र त्यानं हट्टानं दिलं.