सिकलसेल : तपासणी झाली, समज केव्हा येणार?

(नेर येथील सभेत केलेले भाषण)



या व्यासपीठावरून शिक्षणाविषयी नेहमीच बोलले जाते आणि ते योग्यच आहे. आज मात्र आम्ही एका वेगळ्या साक्षरतेविषयी चार शब्द बोलणार आहोत. सिकलसेलच्या तपासणीचा कागद आपल्या पुष्कळ घरांत आहे. तो वाचता येणे, त्याचा अर्थ कळणे आणि कळल्याप्रमाणे रोज वागणे, यालाच आम्ही आरोग्य-साक्षरता म्हणतो.

वस्तीत घरोघरी फिरत असताना एका घरी आम्ही कार्डाची चौकशी केली. आजीने लोखंडी पेटी उघडली आणि जातीच्या दाखल्याखाली जपून ठेवलेले कार्ड काढून दिले. बारा वर्षांचा नातू 'एसएस', म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या संपून दोन महिने झाले होते. 'रक्त कमी आहे' म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून लोहाचे टॉनिक मात्र सुरू होते. मुलाचे वडील पदवीधर आहेत. कार्ड जिवापाड जपले होते, परंतु ते काय सांगते हे त्यांना कोणी समजावूनच दिले नव्हते. तेव्हा पदवी असली म्हणजे ही साक्षरता येते असे नाही, आणि शाळा पाहिली नाही म्हणून ती येणारच नाही असेही नाही.

प्रथम हा आजार काय आहे ते पाहू. १९१० साली अमेरिकेत डॉ. हेरिक यांनी एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनमध्ये आहे हे दाखवून दिले. मध्य भारतातील लोकांत हा दोष आढळल्याची नोंद डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली केली. म्हणजे हा काही बाहेरचा प्रकार नव्हे, कोणाची करणी नव्हे, की मागील जन्माचे पाप नव्हे. ज्या भागात पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तेथे या दोषाचे वाहक मलेरियातून अधिक वाचले, म्हणून तो तेथे टिकून राहिला. आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत तो अधिक दिसतो. इतर समाजांतही आहे. त्यात लाज बाळगण्यासारखे काहीही नाही.

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर रुग्णाची १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी दिसते, डोळे पिवळे होतात आणि आपण कावीळ उतरवायला धावतो. फुटलेल्या पेशीतील लोह शरीरातच राहते. त्यामुळे तपासणीत कमतरता आढळल्याशिवाय लोहाची गोळी घेऊ नये. नव्या पेशी तयार होण्यासाठी फॉलिक ॲसिड मात्र रोज लागते.

आता कागदाविषयी. 'सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह' एवढ्याने काम संपत नाही. त्यावरून दोष आहे एवढेच कळते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीनंतरच ठरते. 'एएस' म्हणजे वाहक. तो सर्वसाधारण आयुष्य जगतो, त्याला औषध लागत नाही. 'एसएस' म्हणजे रुग्ण. त्याला आयुष्यभर काळजी घ्यावी लागते. 'एएस' मुलीला आजारी म्हणून घरात बसविणे आणि 'एसएस' मुलाला धडधाकट समजून रात्री ओलिताला पाठविणे, या दोन्ही चुका आपल्याकडे होतात.

काळजी घ्यायची म्हणजे काय? विनयपिटकाच्या महावग्गात, ज्याची शुश्रूषा करणे सोपे जाते अशा रुग्णाचे पाच गुण सांगितले आहेत. हितकारक तेच करणे, त्यातही प्रमाण जाणणे, औषध घेणे, आजार वाढला, उतरला की तसाच आहे हे शुश्रूषा करणाऱ्यास खरे सांगणे आणि शरीराची वेदना सोसणे. आज आरोग्याचे जाणकार जे सांगतात, ते यापेक्षा फार निराळे नाही.

हितकारक म्हणजे भरपूर पाणी, पुरेशी झोप आणि थंडीपासून बचाव. पाणी कमी पडले, अंग गारठले किंवा अतिश्रम झाले की पेशी विळ्यासारख्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फोडल्यागत दुखतात. उन्हाळ्यात तर पाण्याची बाटली मुलाच्या दप्तरात असलीच पाहिजे. या मुलांना लघवीलाही वारंवार जावे लागते, काही मुले अंथरूण ओले करतात. त्यांच्या मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही. त्यांना मारू नका, आणि शिक्षकांना सांगून ठेवा. प्रमाण जाणणे म्हणजे खेळू न देणे नव्हे, तर दम लागण्याआधी थांबणे.

औषधात हायड्रॉक्सियुरिया महत्त्वाचे. ते दुखणे थांबविणारे औषध नव्हे, दुखणे वारंवार येऊ नये म्हणून घ्यायचे औषध आहे. त्याचा गुण यायला काही महिने लागतात. बरे वाटले म्हणून ते बंद करू नये. अधूनमधून रक्ततपासणी करावी लागते, आणि मूल हवे असल्यास पती-पत्नीने आधी डॉक्टरांशी बोलावे.

खरे सांगणे सर्वांत महत्त्वाचे. ताप १०१ अंशांच्या वर गेला, छातीत दुखून धाप लागली, मूल एकाएकी पांढरे पडून पोटाची डावी बाजू फुगली किंवा हातपाय लुळे पडले, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच घटकेला दवाखाना गाठा. कार्ड सोबत न्या आणि 'हा सिकलसेलचा रुग्ण आहे' हे पहिले वाक्य बोला. सोसणे याचा अर्थ लपविणे असा मुळीच नाही. मुलगी सासरी दुखणे लपविते, मजूर रोजी बुडेल म्हणून लपवितो. अशा लपविण्यातूनच जीव जातात.

विवाहाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुटली असे नव्हे. दोघांपैकी एक पूर्ण निरोगी, म्हणजे 'एए' असेल, तर सिकलसेलचा रुग्ण जन्मत नाही. दोष आई-वडील दोघांकडून येतो. मग एकट्या सुनेला बोल का? परिचय मेळाव्यात पत्रिका पाहण्यापेक्षा कार्ड पाहावे, असे आम्हास वाटते.

शासनाने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले असून त्याची मुदत २०४७ पर्यंत आहे. २०१६ च्या कायद्याने सिकलसेलचा दिव्यांगत्वात समावेश झालेला आहे, त्याच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. परंतु शासन तपासणी करील, गोळी देईल. ती रोज घेण्याची समज घरातच रुजली पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, येथे तुमचे काम सुरू होते. प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या एका घरी जावे, पेटीतले कार्ड बाहेर काढावे आणि ते आजीला कळेल अशा बोलीत समजावून सांगावे. ज्या घराविषयी आम्ही बोललो, तेथील आजी आज नातवाची गोळी जेवणाच्या ताटाजवळ ठेवते आणि शाळेत जाताना पाण्याची बाटली हाती देते. तिला अक्षर येत नाही, पण आमच्या मते ती आरोग्य-साक्षर झाली आहे.